थोरलं कोहळं

आमच्या घरात कोहळं बाईनं कापायचं नसतं. पुण्यात ज्याला लाल भोपळा म्हणतात ते आईचं कोहळं. ती गोंदियाकडची. कोथरूडमध्ये चाळीस वर्षं काढूनही ती मंडईत कोहळंच मागते, आणि भाजीवाल्यानं पांढरा कोहळा पुढे केला की त्याच्यावरच चिडते. तिच्या गावी कोहळं म्हणजे घरातला थोरला मुलगा. बाईनं त्याच्यावर सुरी चालवायची नाही. घरच्या पुरुषानं पहिला घाव घालायचा, दोन भकलं करून द्यायची. मग साल काढणं, चिरणं, शिजवणं, वाढणं आणि भांडी घासणं बाईनं करायला कुणाची हरकत नसते. लहानपणी हे मी बाबांना ऐकवलं होतं. बाबांचं नाव बद्रीनाथ, स्वभाव नावाला साजेसा थंड. ते म्हणाले, "नियम मी केला नाही, मी फक्त सुरा धरतो." बाबा गेल्यावर सुरा दादाकडे आला.

मी बियाण्यांचं काम करते. हडपसरजवळच्या मांजरी गावाच्या पुढे आमची एक छोटी संस्था आहे. भोपळ्याचे गावठी वाण गोळा करायचे, लावायचे, त्यांची मापं घ्यायची आणि बी थंड खोलीत जपून ठेवायचं, हे आमचं काम. लोकांना वाटतं भोपळा म्हणजे भोपळा, त्यात काय पाहायचं? आमच्या फडताळापुढे येऊन उभं राहा म्हणावं. एक पाटासारखा चपटा, एक लांबट आणि मानेशी वाकलेला, एकाच्या सालीवर चामखिळी, एकाला सालच अशी की सुरी घसरते. एकाच गावातल्या दोन शेजारणींच्या परसातले दोन वाण वेगळे. एकीचा मधासारखा गोड, पण महिन्याभरात सडणारा. दुसरीचा पाणचट, पण वर्षभर माळ्यावर पडून राहणारा. कुणाची वेल पाण्याशिवाय तग धरते, कुणाची पानं किडीला नकोशी वाटतात. हे वेगळेपण शेकडो बायकांनी घरोघरी बी धरून टिकवलं, आणि आपण एका पिढीत बाजाराच्या क्रेटमध्ये मावेल तेवढं ठेवून बाकीचं घालवलं. यावर मी बोलायला लागले की जेवणाच्या टेबलावरून लोक उठून जातात, हे मला माहीत आहे.

आईच्या गावचं कोहळं राखी सालीचं. खोल फाका, आत शेंदरी गर, आणि घरात ठेवलं तर वर्ष गाठणारं. पण खरी गोष्ट वेगळीच होती. भोपळ्याच्या पानांवर पिवळे डाग पाडणारा जो रोग येतो आणि अख्खी शेतं बसवतो, तो या वेलीवर यायचा, चार पानं खायचा आणि निघून जायचा. आमच्या सगळ्या संग्रहात असा वाण दुसरा नव्हता. आणि तोच नेमका आमच्या हातून निसटत होता. थंड खोलीत त्याचं बी होतं, पण ते लावून पाहिलं तर निम्म्या वेलींना बाजारी फळं लागली. कुठल्यातरी साली शेजारच्या शेतातल्या मधमाश्यांनी आपलं काम चोख केलं होतं. गावी मामा वारला, मामेभावांनी विकतचं बी आणलं. म्हणजे चोख बी उरलं ते फक्त दादाकडे.

दादा म्हणजे दिग्विजय, माझा थोरला भाऊ. हडपसरच्या एका कारखान्यात मशीनवर होता. लग्न केलं नाही. का, ते विचारायची आईचीसुद्धा टाप नव्हती. त्यानं मांजरीत कालव्याकडेला थोडी जमीन खंडानं घेतली होती आणि दरवर्षी तो तिथे आईच्या गावचं कोहळं लावायचा. संध्याकाळी जाऊन दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या आणि त्यांची तोंडं दोऱ्यानं बांधायची, म्हणजे माशी आत शिरत नाही. सकाळी कामावर जायच्या आधी नरफूल तोडायचं, मादीफुलावर फिरवायचं, परत तोंड बांधायचं, आणि फळाच्या देठाला खूण म्हणून लाल लोकर गुंडाळायची. हे सगळं मी त्याला शिकवलं. बोलायला फटकळ, गाडी चालवायला आडदांड असा माझा भाऊ फुलापुढे मात्र श्वास रोखून बसायचा.

गेल्या वर्षी पावसानं त्याचं शेत धुऊन नेलं. जमीनमालकानं पुढे ती जागा बिल्डरला दिली, आता तिथे पत्रे ठोकलेत. त्या सगळ्यातून लाल लोकरीचं एकच फळ हाती लागलं. दिवाळीनंतर दादानं ते गाडीवर पुढे ठेवून घरी आणलं. तोडलेल्या फळात दोन-अडीच महिने बी भरत राहतं, म्हणून थांबायचं ठरलं. संक्रांत झाली. मी म्हटलं, आता काढू या बी. दादा म्हणाला, "रविवारी कापतो, सुरा तेवढा धार लावून आणू दे."

त्याच आठवड्यात तो मशीनजवळ कोसळला. मेंदूत रक्तस्राव. ऑपरेशन झालं, गळ्याला भोक पाडून नळी घातली, नाकातून अन्नाची नळी गेली. होळीच्या सुमारास डॉक्टर म्हणाले की आता इथे ठेवून काही उपयोग नाही, घरी न्या. डोळे उघडतील, पण पाहणार नाहीत. हात हलेल, पण तो हलवणार नाही. हे इतक्या सभ्य आवाजात सांगितलं की मी त्यांना थँक्यू म्हणून बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले.

दादाची कॉट हॉलमध्ये मांडली. कोहळं देवाच्या फळीखाली होतं, ते आईनं उचललं आणि कॉटखाली ठेवलं, त्याच्या उशाच्या बाजूला. खाली त्याचा जुना शर्ट अंथरला. चार दिवसांनी मी म्हटलं, "आई, बी काढायला हवं. उन्हाळा येतोय. शेजारच्या समर्थला बोलावते, तो पहिला घाव घालेल. नियम मोडणार नाही."

आई दादाच्या तोंडाला तूप लावत होती. ओठ फुटतात म्हणून. "नोको," ती म्हणाली.

"अगं, पण पुरुषच कापणार आहे."

"थोरला असा पडून आहे आन् घरातलं कोहळं फोडाचं? तुले समजते का वं काही? त्याचा श्वास चालू आहे ना? मंग तोवर कोणीच हात लावाचा नाही."

"आई, ती भाजी आहे."

"तुह्यासाठी भाजी," ती म्हणाली. "मले दोन्ही सारखे."

मी तिला समजावलं. एकच फळ आहे, यातलं बी गेलं तर हा वाण जगात कुठेच राहणार नाही, तुझ्या आईनं, तिच्या आईनं जपलेला वाण आहे, हे सांगितलं. ती म्हणाली, "माह्या आईनंच सांगितलं होतं, थोरल्यावर सुरी नाही." बी जपणारी आणि सुरी अडवणारी बाई एकच होती, आणि ती मरूनही तीस वर्षं झाली होती.

आई रोज सकाळी दादाचं अंग ओल्या फडक्यानं पुसायची. ते झालं की तेच फडकं पिळून ती कोहळंही पुसायची. फाकांमधून बोट फिरवून, देठाच्या खळग्यातसुद्धा. मी ओरडले. भोपळा कोरडा ठेवायचा असतो, देठाशी ओल राहिली की तिथूनच सड लागते, हे तिला माझ्यापेक्षा लहान वयात माहीत होतं. "पुसून कोरडं करते ना मी," ती म्हणाली, आणि खरंच पदरानं कोरडं केलं. दुसऱ्या दिवशी परत ओलं फडकं. एका लेकराला अंघोळ घालून दुसऱ्याला पारोसं ठेवणं तिला जमत नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा रागही धड येईना.

चैत्र संपता संपता मी ठरवलं. आईला सांगितलं, वजन करून आणते, संध्याकाळी परत. आई म्हणाली, "ऊन लागू देऊ नको." मी ते ओढणीत गुंडाळून स्कूटीवर पायांशी ठेवलं आणि अख्खं पुणं ओलांडून मांजरीला नेलं.

संस्थेत माझ्याबरोबर नासिर काम करतो. कसबा पेठेतला, आजोबांपासून पुण्यातला, बोलायला तिथल्या गल्ल्यांइतकाच अरुंद. भोपळे कापणं हे त्याचं रोजचं काम, हंगामात दिवसाला ढिगानं कापतो. त्याला आमचा नियम माहीत नव्हता, आणि असता तरी तो त्याचा नियम नव्हता. मी फळ टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "हा आमचा राखी. काप."

त्यानं सुरी घेतली, लोकर पाहिली. "एवढे दिवस का थांबलीस? कापायला तुला काय मुहूर्त लागतो?"

मला गप्प राहता आलं असतं. पण मी त्याला सांगून टाकलं. आईचं म्हणणं, कॉटखालचा शर्ट, ओलं फडकं, सगळं. हसायचं म्हणून सांगायला लागले होते, पण हसता आलं नाही. नासिर ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं सुरी खाली ठेवली.

"काय झालं?" मी म्हटलं.

"आधी सांगायला नको होतंस."

"नासिर, तू हे मानत नाहीस."

"नाहीच मानत. पण मी आत्ता हे कापलं, आणि संध्याकाळी तुझ्या घरून फोन आला, तर?"

"तर तो योगायोग असेल."

"असेल. पण तुझ्या आईला तोंड मला दाखवायचंय." तो खुर्ची ओढून बसला. "हवं तर भोक पाड एक लहान. चिमट्यानं थोडं बी काढू. कापणं नाही ते."

"दादाच्या गळ्याला एक भोक आधीच आहे," मी म्हटलं.

बाहेर पंप चालू होता. "मग तू काप," तो म्हणाला. "तुझा भाऊ, तुझं बी."

मी सुरी उचलली. देठाजवळ टेकवलीसुद्धा. राखी सालीवर आईच्या फडक्यानं आलेली चकाकी होती. आत शंभरेक बिया असतील, आणि त्या आत्ता, याच आठवड्यात काढल्या तर सगळ्या उगवतील, हे मी कुणालाही लिहून दिलं असतं. माझा हात पुढे जाईना. आयुष्यभर ज्या गोष्टीची मी टिंगल केली तीच माझ्या मनगटाला धरून बसली होती. "मी बाई आहे," मी नासिरला म्हटलं, आणि सुरी ठेवली. ही सबब मी जन्मात पहिल्यांदा वापरली. त्यानं टोमणा मारला नाही. पुणेरी माणूस टोमणा गिळतो तेव्हा समजावं, प्रकरण गंभीर आहे.

संध्याकाळी घरी आले तर आई दारातच उभी. तिनं फळ हातात घेतलं, सगळीकडून फिरवून पाहिलं, देठ पाहिला, बूड पाहिलं. "मले ठाऊक होतं, तू नाही कापत," ती म्हणाली. तिचं म्हणणं खरं निघालं याचाच मला जास्त संताप आला. मी आत जाऊन दार आपटलं. दादानं आवाजाकडे मान वळवली नाही.

वैशाख पेटला. पत्र्याखाली नसूनही आमचा हॉल दुपारी भट्टी व्हायचा. दादाला घाम यायचा, आई पुसायची, मग खाली वाकून कोहळं पुसायची. मी रोज कामावरून आले की बोटानं फळावर टिचकी मारून ऐकायचे. आधी भरीव आवाज यायचा, मग थोडा पोकळ. पिकलेल्या फळात बी झोपलेलं असतं. फळच त्याला झोपवून ठेवतं. ऊब फार झाली, दिवस फार झाले, की ती झोप मोडते. बी बाहेर यायची वाट पाहत नाही. आतच रुजतं, अंधारात. हे मी शिकाऊ मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवते. आईला एकदा सांगितलंही. ती म्हणाली, "रुजू दे की. चांगलंच आहे." मग दादाच्या तळपायाला तेल चोळायला लागली.

ज्येष्ठात लाल लोकर आपोआप गळून पडली. देठाशी अंगठा दाबला तर दबत होतं. मी लोकर उचलून दादाच्या मुठीत ठेवली. त्याची बोटं मिटली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ती नुसतीच मिटतात, त्याचा अर्थ लावायचा नाही. मी तरी लावला.

दादा श्रावणात गेला. छातीत कफ साठला, दोन दिवस घरघर चालली, आणि दुपारी आई त्याला भरवायची नळी धुवायला गेली तेवढ्यात थांबली. पोळा आठवड्यावर आला होता. पोळ्याला आमच्याकडे कोह‌ळ्याची बोंडं, म्हणजे गुळाची गोड भजी, करतात, आणि ती दादाला इतकी आवडायची की तो मोजून खायचा नाही.

तेराव्याच्या सकाळी मी भाजीची पिशवी घेऊन आले तर आईनं कोहळं कॉटखालून काढून ओट्यावर ठेवलेलं. कॉट रिकामी होती, गादी उन्हात टाकलेली. "पानात कोहळ्याची भाजी लागते," ती म्हणाली. नासिर डेकोरेशनवाल्याकडच्या खुर्च्या लावून घ्यायला लवकर आला होता. तो स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला.

"मावशी, मी कापून देऊ का?"

आईनं मान हलवली. "आता कोणाची आडकाठी, बापा? थोरलाच राहिला नाही." आणि तिनं दादाचा सुरा घेतला. त्याला धार लावायची राहूनच गेली होती. पहिला घाव नीट बसला नाही. दुसऱ्याला तिनं दोन्ही हातांनी जोर लावला आणि फळ उघडलं.

गर शेंदरी होता, घट्ट, ताजा. मधल्या पोकळीत एकही बी अखंड नव्हतं. सगळ्या बिया फुटल्या होत्या. मुळं एकमेकांत अडकून शेवयांसारखा गुंता झाला होता. देठाच्या बाजूची काळी पडून बुळबुळीत झाली होती, बाकीची तपकिरी, वाळलेली. काही कोंबांनी पानंसुद्धा काढली होती, पिवळी, दुमडलेली, गराला टेकून थांबलेली. आंबूस वास आला. नासिरनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो खुर्च्यांकडे निघून गेला.

बुडाच्या बाजूचे काही कोंब पांढरे वाटले, ते मी सोडवून ट्रेमध्ये मातीत लावले. आधीच सांगून टाकते, त्यातला एकही उभा राहिला नाही.

आई त्या गुंत्याकडे पाहत होती. "हे कवा झालं?"

मुळांची लांबी पाहून मी ते सांगू शकते, माझा धंदाच आहे तो. वैशाखात रुजलं होतं. ज्येष्ठातही अर्धं वाचलं असतं. आपण पुसत होतो, दार आपटत होतो, तेव्हा हे आत वाढत होतं, आणि मग जागा संपली.

"आत्ताच," मी म्हटलं. "चार-आठ दिवसांत."

आईनं एक तपकिरी मूळ चिमटीत धरलं. ते कुस्करलं, त्याचा भुगा झाला. लग्न होईपर्यंत ती शेतात राबली होती. चार दिवसांचं मूळ कसं असतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बरं," ती म्हणाली. मग तिनं हातानं सगळी पोकळी खरवडून काढली, देठाकडचा मऊ भाग कापून टाकला आणि फोडी करायला घेतल्या. तेल तापलं, मेथीदाणे तडतडले. मी शेजारी उभी राहून खोबरं खवत होते. एकदा तिनं विचारलं, "त्याच्याही आत चालूच असंन का वं काही?" मी खोबऱ्याची दुसरी वाटी घेतली. तिनं फोडी तेलात टाकल्या.

पंगतीला घरचेच म्हणावे एवढे लोक होते. कारखान्यातले त्याचे दोघे सोबती, सोसायटीतली चार घरं, नासिर आणि त्याची अम्मी जुबेदाचाची. सगळे खाली मान घालून जेवत होते. खालच्या मजल्यावरच्या राधाकाकूंनी भाजी दुसऱ्यांदा घेतली.

"यमुनाबाई, भोपळा कुठला हो हा?" त्या आईला म्हणाल्या. "इतका गोड मी पुण्यात खाल्ला नाही. वाण चांगला आहे. बी ठेवलंत की नाही?"

नासिरचा घास हातातच राहिला. आई भाजीचं पातेलं घेऊन त्यांच्यासमोर उभी होती.

"घ्या ना, अजून आहे," ती म्हणाली, आणि उरलेली सगळी भाजी त्यांच्या पानात वाढली.